गणिताला कुंपण घालून काय मिळालं?

१९८८ मध्ये अमेरिकेतल्या एटी अँड टी या बलाढ्य टेलिफोन कंपनीने एक नवी वस्तू विकायला काढली. नाव कॉरबेक्स, किंमत ८९ लाख डॉलर. त्या पैशांत आठ प्रोसेसरचा एक संगणक मिळत असे, पण खरी किंमत संगणकाची नव्हतीच. ती होती संगणकात बसवलेल्या एका गणिती रीतीची. गंमत अशी, की या रीतीचा गाभा चार वर्षांपूर्वीच ‘कॉम्बिनेटोरिका’ या नियतकालिकात तेवीस पानांत छापून आला होता आणि विद्यापीठांच्या ग्रंथालयांत कुणालाही वाचता येत होता. त्या तेवीस पानांचे लेखक होते नरेंद्र करमरकर. जन्म ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबातला, शिक्षण मुंबईच्या आयआयटीतलं, नोकरी एटी अँड टीच्याच न्यू जर्सीतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेतली.

आपल्याकडे करमरकरांचा उल्लेख होतो तेव्हा ‘त्यांच्या गणिताला अमेरिकेत पेटंट मिळालं’ हे वाक्य मोठ्या अभिमानाने येतं. त्या अभिमानातला अर्धा भाग खरा आहे. गणित थोर होतं. पेटंटने मात्र करमरकरांचं भलं केलं नाही, गणिताचंही नाही, आणि ज्या कंपनीने ते घेतलं तिच्याही हाती फारसं काही लागलं नाही. आज हा जुना हिशेब मांडण्याचं कारण म्हणजे, अल्गोरिदमवर पेटंट द्यावं का, हा प्रश्न भारताच्या संसदेपर्यंत पुन्हा येऊन पोचला आहे.

करमरकर १९७८ मध्ये आयआयटी मुंबईतून इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाले. कॅलटेकमधून एम.एस. करून ते बर्कलीला गेले आणि तिथे रिचर्ड कार्प यांच्या मार्गदर्शनाखाली १९८३ मध्ये पीएच.डी. झाले. हे कार्प म्हणजे सैद्धान्तिक संगणकशास्त्रातलं केवढं मोठं नाव! वरवर वेगळी दिसणारी एकवीस अवघड कोडी मुळात एकाच जातकुळीची आहेत, त्यांतलं एक झटपट सुटलं तर सगळीच सुटतील, हे त्यांनी १९७२ मध्ये दाखवलं होतं. १९८५ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

गुरुशिष्यांनी १९८२ मध्ये मिळून केलेलं एक काम आजही पाठ्यपुस्तकांत आहे. प्रश्न वाटणीचा. आठ, सात, सहा, पाच आणि चार एकरांचे पाच तुकडे दोन भावांत शक्य तितके सारखे वाटायचे आहेत. कार्प-करमरकर रीत सांगते, की सर्वांत मोठे दोन तुकडे वेगवेगळ्या भावांना द्या, आणि त्या दोघांच्या जागी त्यांच्यातला फरक यादीत लिहा. आठ आणि सातच्या जागी एक आला. सहा आणि पाचच्या जागी पुन्हा एक. असं करत गेलं की शेवटी दोन एकरांचा फरक उरतो. इथे बिनचूक वाटणी शक्य होती, कारण आठ आणि सात मिळून पंधरा होतात आणि उरलेले तीन तुकडे मिळूनही पंधराच. म्हणजे ही रीत चुकते. पण तुकडे शेकड्यांनी असतील तेव्हा बिनचूक वाटणी शोधत बसायला आयुष्य पुरत नाही, आणि ही रीत मात्र अत्यल्प फरकाची वाटणी डोळ्याचं पातं लवतं तोवर हाती देते. उत्तर मिळतं का, यापेक्षा किती पावलांत मिळतं, यावर ज्यांची नजर असते त्या जमातीतले हे दोघे.

पुढचं काम समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल.

१९४५ मध्ये जॉर्ज स्टिग्लर या अर्थशास्त्रज्ञाने एक हिशेब मांडला. एका माणसाला वर्षभर पुरेसं पोषण मिळेल असा सगळ्यात स्वस्त आहार कोणता? सत्त्याहत्तर खाद्यपदार्थ, नऊ पोषक घटक आणि १९३९ चे बाजारभाव. स्टिग्लरने बरीच आकडेमोड आणि थोडी हुशारी वापरून उत्तर काढलं. गव्हाचं पीठ, डबाबंद आटवलेलं दूध, कोबी, पालक आणि सुका घेवडा, वर्षाचा खर्च ३९ डॉलर ९३ सेंट. जेवायला बसणाऱ्याचं मत त्याने विचारलं नव्हतं, हे उघडच आहे. पण याहून स्वस्त आहार नाहीच, हे त्याला सिद्ध करता येत नव्हतं.

‘इतक्या अटी पाळून खर्च कमीत कमी किंवा नफा जास्तीत जास्त’ या साच्यातल्या प्रश्नांना लिनिअर प्रोग्रॅमिंग म्हणतात. तेलशुद्धीकरण कारखान्यात कुठल्या कच्च्या तेलाचं किती मिश्रण करायचं, विमान कंपनीने कुठलं विमान कुठल्या मार्गावर धाडायचं, कारखान्यात कुठल्या यंत्रावर काय काढायचं, हे सगळे त्याच घरातले. लेनिनग्राडमध्ये लिओनिद कान्तोरोविच यांनी १९३९ मध्ये प्लायवूडच्या कारखान्यासाठी असाच प्रश्न सोडवला होता. त्याचं श्रेय त्यांना १९७५ च्या नोबेलपर्यंत घेऊन गेलं. अमेरिकेत हवाई दलासाठी काम करणाऱ्या जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ मध्ये सिम्प्लेक्स नावाची सरसकट चालणारी रीत शोधली, आणि ती तपासून पाहायला स्टिग्लरचाच आहार घेतला. नऊ कारकून हातयंत्रांवर बसले आणि १२० मनुष्यदिवस खपून उत्तर आलं, ३९ डॉलर ६९ सेंट. स्टिग्लरचा अंदाज वर्षाला फक्त चोवीस सेंटांनी चुकला होता.

सिम्प्लेक्स चालते कशी? प्रत्येक अट म्हणजे एक सपाट भिंत. सगळ्या अटी एकत्र आल्या की अनेक कोपऱ्यांची एक बंदिस्त आकृती तयार होते, आणि सर्वोत्तम उत्तर तिच्या एखाद्या कोपऱ्यावर हमखास सापडतं. सिम्प्लेक्स एका कोपऱ्यावर उभी राहते, शेजारचा अधिक फायद्याचा कोपरा बघते आणि कडेकडेने तिथे जाते. गडाच्या तटावरून एका बुरुजावरून दुसऱ्या बुरुजावर जावं, तसं. व्यवहारात ही चाल विलक्षण वेगवान ठरली. पण व्हिक्टर क्ली आणि जॉर्ज मिंटी यांनी १९७२ मध्ये मुद्दाम अशी एक वाकडी आकृती रचून दाखवली, की तिच्यावर सिम्प्लेक्सला एकूण एक कोपरे पालथे घालावे लागतात. पन्नास चलांच्या प्रश्नात असे कोपरे अकराशे लाख कोटींहून अधिक. सेकंदाला दहा लाख पावलं टाकली तरी पस्तीस वर्षं लागतील.

कारखानदाराला याची फिकीर नव्हती, कारण त्याच्या प्रश्नांवर सिम्प्लेक्स पळत होती. सिद्धान्तवाल्यांची झोप मात्र उडाली. प्रश्न कितीही वाकडा असला तरी ठरावीक मर्यादेत उत्तर देईल, अशी रीत लिनिअर प्रोग्रॅमिंगला आहे की नाही? १९७९ मध्ये मॉस्कोतल्या लिओनिद खाचियान या तरुण गणितज्ञाने ‘आहे’ असं सिद्ध केलं. न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर बातमी आली. त्या उत्साहात फिरत्या विक्रेत्याचं सुप्रसिद्ध कोडंही सुटल्याचा समज वर्तमानपत्रांनी करून दिला, जो साफ चुकीचा होता. खाचियानची रीत कागदावर अजोड होती, संगणकावर चढवली की मात्र साध्या साध्या प्रश्नांवर सिम्प्लेक्सच्या मागे फरफटत यायची. म्हणजे एक रीत सिद्धान्ताने अधू पण व्यवहारात तेज, दुसरी सिद्धान्ताने निर्दोष पण व्यवहारात निकामी. दोन्ही गुण एकीत असतील का?

करमरकरांनी ते जमवलं. तटावरून जाण्याची कल्पनाच त्यांनी सोडून दिली आणि आकृतीच्या आतून वाट काढली. आतून जाण्यात अडचण अशी, की एखाद्या भिंतीच्या फार जवळ गेलं की पुढचं पाऊल इवलंसं पडतं. त्यावर त्यांनी भूमितीतली जुनी युक्ती वापरली. दर पावलानंतर सगळी आकृतीच अशी ताणायची आणि वाकवायची, की आपण जिथे आहोत तो बिंदू पुन्हा मधोमध यावा. मध्यावर उभं असलं की मोठं पाऊल टाकता येतं. पाऊल टाका, आकृती पुन्हा ताणा, पुन्हा पाऊल टाका. अशी किती पावलं लागतील याची पक्की मर्यादा त्यांनी सिद्ध केली, आणि ती खाचियानच्या मर्यादेहून चांगली होती. १९८४ मध्ये वॉशिंग्टनला भरलेल्या सैद्धान्तिक संगणकशास्त्राच्या परिषदेत त्यांनी हे मांडलं. त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर जेम्स ग्लाइक यांची बातमी झळकली. करमरकर तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते.

इथपर्यंतची गोष्ट कुणालाही आनंदाने सांगावीशी वाटेल. पुढे ती बिघडते.

कारण करमरकर आणि बेल लॅब्ज केवळ सिद्धान्ताची मर्यादा सांगून थांबले नव्हते. त्यांचा दावा असा होता, की मोठ्या प्रश्नांवर ही रीत सिम्प्लेक्सहून पन्नास पटींपर्यंत वेगवान धावते. असा दावा ऐकला की या क्षेत्रातला कुणीही पहिला प्रश्न काय विचारेल? कोणते प्रश्न सोडवलेत, आकडे दाखवा, प्रोग्राम दाखवा. उत्तर आलं नाही. सिद्धान्त छापून खुला केलेला होता, पण तो संगणकावर नेमका कसा चढवला, प्रचंड कोष्टकांची आकडेमोड आटोक्यात कशी ठेवली, हे व्यापारी गुपित ठरवलं गेलं. छापील निबंध वाचून इतरांनी आपापले प्रोग्राम लिहिले तेव्हा पन्नास पट तर सोडाच, पुष्कळांचे प्रोग्राम सिम्प्लेक्सच्याही मागे पडले. परिषदांमधून कुजबुज सुरू झाली आणि मग उघड चिडचिड. अठ्ठावीस वर्षांच्या संशोधकाच्या नावाभोवती पहिल्याच वर्षी संशयाचं वलय बसलं, आणि त्याला कारण त्याचं गणित नव्हतं.

बेल लॅब्ज अशी का वागली, हे समजायला १९८४ ची पहिली तारीख पाहावी लागते. १९५६ च्या सरकारी तडजोडीनुसार एटी अँड टीला टेलिफोनच्या धंद्याबाहेर पडायला, म्हणजे संगणक विकायलाही, मनाई होती, आणि आपली जुनी पेटंटं इतरांना वापरू द्यायला लागत होती. ट्रान्झिस्टर बेल लॅब्जमध्येच जन्मला, पण तो पंचवीस हजार डॉलरच्या परवान्यावर बाहेरच्या कंपन्यांना मिळत असे. पुढे सोनी झालेल्या टोकिओतल्या छोट्या कंपनीने तो तसाच घेतला. मग १ जानेवारी १९८४ ला एटी अँड टीची मक्तेदारी मोडून स्थानिक टेलिफोन सेवा सात कंपन्यांकडे गेली, आणि बदल्यात तिला संगणकाच्या बाजाराचं दार उघडलं. टेलिफोनच्या बिलांवर निवांत चाललेल्या प्रयोगशाळेला मालकाने पहिल्यांदाच विचारलं असणार, की विकण्याजोगं काय आहे? नेमक्या त्याच वर्षी करमरकरांची रीत पुढे आली. दहा वर्षं आधी आली असती, तर ती बहुधा ट्रान्झिस्टरच्या वाटेने गेली असती.

पेटंटचा अर्ज एप्रिल १९८५ मध्ये झाला. गणिताच्या सूत्राला पेटंट नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये आणि पुन्हा १९७८ मध्ये सांगितलेलं होतं. १९८१ मध्ये रबर भाजण्याच्या यंत्रातल्या प्रोग्रामच्या खटल्यात न्यायालयाने दार जरा किलकिलं केलं. सूत्र एखाद्या भौतिक प्रक्रियेला जोडलेलं असेल तर त्या प्रक्रियेचा विचार होऊ शकतो. वकिलांना तेवढी फट पुरली. करमरकरांच्या पेटंटचं शीर्षक वाचलं तर त्यात गणिताचा शब्दही नाही. ‘साधनसामग्रीच्या कार्यक्षम वाटपाच्या पद्धती आणि उपकरण’ अशा अर्थाचं ते आहे. आत आहे तीच तेवीस पानांतली कल्पना, अंगावर टेलिफोनच्या जाळ्यातल्या वाटपाचा अंगरखा चढवून. १० मे १९८८ ला ते मंजूर झालं, त्याच घराण्यातल्या आणखी दोन पेटंटांसह.

जपानमध्ये टोकिओच्या तंत्रविद्यापीठातले हिरोशी कोन्नो हे प्राध्यापक या पेटंटविरुद्ध उभे राहिले आणि वर्षानुवर्षं लढले. त्यांना हे पेटंट इतकं खटकलं, की त्यावर त्यांनी पुस्तकच लिहिलं. करमरकरांशी त्यांचं वैर नव्हतं. सूत्रांची मालकी कुणाकडे असू लागली तर उद्या विद्यार्थ्याला वहीत आकडेमोड करतानाही परवाना लागेल, ही त्यांची धास्ती होती. धास्ती जरा ताणलेली, पण निराधार नव्हे.

आता कॉरबेक्सचा हिशेब. अमेरिकी हवाई दलाच्या मालवाहू विभागाने ते वापरलं, डेल्टा ही विमान कंपनी ग्राहक झाली, आणि गिऱ्हाइकांची यादी जवळजवळ तिथेच संपते. ८९ लाख डॉलरला संगणकासकट मिळणारी गोष्ट घ्यायला ज्यांच्याकडे पैसे होते त्यांच्याकडे सिम्प्लेक्सचे चांगले प्रोग्राम आधीपासून होते, आणि या नव्या धक्क्याने जाग्या झालेल्या सिम्प्लेक्सवाल्यांनी आपली रीतही झपाट्याने सुधारायला घेतली. काही वर्षांत कॉरबेक्स बाजारातून दिसेनासं झालं.

तोवर बाहेर काय चाललं होतं? स्टॅनफर्डमधल्या फिलिप गिल, मार्गारेट राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये दाखवून दिलं, की करमरकरांची रीत आणि साठच्या दशकात विकसित होऊन अडगळीत पडलेली ‘बॅरिअर’ पद्धत यांचं अंतरंग एकच आहे. भिंतीजवळ गेलं की दंड वाढत जावा, अशी ती जुनी पद्धत. एकदा हे नातं कळल्यावर दोन्हीकडचं ज्ञान एकत्र आलं आणि धरणाचं दार उघडावं तसे निबंध वाहू लागले. जेम्स रेनेगार यांनी १९८८ मध्ये पावलांची मर्यादा आणखी खाली आणली. रशियातल्या युरी नेस्तेरोव्ह आणि अर्कादी नेमिरोव्स्की यांनी ही कल्पना सरळ भिंतींच्या पलीकडे, वक्र अटींच्या प्रश्नांपर्यंत नेली. त्यांचा ग्रंथ १९९४ चा. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या संजय मेहरोत्रा यांनी १९९२ मध्ये छापलेली सुधारणा तर आजच्या बहुतेक प्रोग्रामांचा कणा आहे. यांतलं एकही काम कॉरबेक्सच्या पोटातून आलं नाही. सगळं छापलेल्या, तपासलेल्या, एकमेकांना दिलेल्या साहित्यातून उभं राहिलं.

यातला सगळ्यात बोलका तपशील खुद्द बेल लॅब्जमधला आहे. १९८५ मध्ये, म्हणजे गुपितावरून गदारोळ चालू असतानाच, तिथल्याच डेव्हिड गे यांनी लिनिअर प्रोग्रॅमिंगचे नमुना प्रश्न गोळा करून ई-मेलवरून मागेल त्याला फुकट पाठवायला सुरुवात केली. ‘नेटलिब’चा हा संग्रह लवकरच या क्षेत्राचा सार्वजनिक तराजू झाला. नवी रीत आणलीस? मग नेटलिबवर चालवून दाखव. करमरकरांनीही बर्कलीतल्या तिघा सहकाऱ्यांबरोबर आपल्या रीतीच्या एका सोप्या आवृत्तीचे तपशील आणि नेटलिबवरचे आकडे १९८९ मध्ये छापले. ती आवृत्ती खरोखरच जोमाने धावली आणि सुरुवातीचा संशय बराचसा निवळला. हेच आकडे १९८५ मध्ये छापले असते तर? चार वर्षांची कडवट कुजबुज टळली असती. विज्ञानात श्रेय मिळवायचं तर दुसऱ्याला पडताळा घेऊ द्यावा लागतो. इथे मालकाने तो घेऊ दिला नाही आणि बट्टा नोकराच्या नावाला लागला.

गुपिताचा आणखी एक परिणाम झाला. सगळे चिडलेले असताना पूर्वजांचा शोध फार उत्साहाने घेतला जातो. तसा तो घेतला गेला, आणि सैबेरियातल्या इर्कुत्स्कच्या इल्या डिकिन यांचा १९६७ चा एक छोटा रशियन निबंध सापडला. डिकिन कान्तोरोविच यांचे विद्यार्थी. करमरकरांच्या रीतीची जी सोपी आवृत्ती अमेरिकेत अनेकांनी ऐंशीच्या दशकात स्वतंत्रपणे ‘शोधली’, ती डिकिन यांनी सतरा-अठरा वर्षं आधी मांडून ठेवली होती. यावरून ‘करमरकरांनी नवं काय केलं?’ असं विचारणारेही निघाले. ते अन्यायाचं आहे. डिकिनच्या रीतीला पावलांची अशी हमी नव्हती. बॅरिअर पद्धत जगाने टाकून दिली होती. करमरकरांनी हमी सिद्ध केली, व्यवहारात ती धावते असं ठासून सांगितलं, आणि त्यांच्यानंतरच जगाने आतल्या वाटेकडे गंभीरपणे पाहिलं. १९८८ चं फल्करसन पारितोषिक आणि २००० चा पॅरिस कॅनेलाकिस पुरस्कार त्यांना मिळाला तो उगाच नाही. कॅनेलाकिस पुरस्कार तर सिद्धान्तातल्या अशा कामासाठीच असतो, ज्याने व्यवहार बदलला.

मायदेशी परतलेल्या करमरकरांची गोष्ट थोडक्यात सांगता येते, आणि तीही सरळ रेषेतली नाही. १९९८ ते २००५ ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक होते. महासंगणकाच्या रचनेत सान्त भूमिती वापरायची, ही त्यांची नव्वदच्या दशकापासूनची कल्पना. सात बिंदू आणि सात रेषा, प्रत्येक रेषेवर तीन बिंदू, कुठल्याही दोन बिंदूंतून नेमकी एक रेषा. अशा आखणीवर प्रोसेसर आणि स्मृती जोडल्या तर माहितीची वाहतूक तुंबत नाही. टाटा समूहाच्या पाठबळावर पुण्यात कम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीज ही कंपनी निघाली, करमरकर तिचे पहिले प्रमुख. नोव्हेंबर २००७ मध्ये तिथला ‘एका’ हा महासंगणक जगातल्या पाचशे वेगवान संगणकांच्या यादीत चौथा आला. करमरकर मात्र त्याच वर्षी कंपनीतून बाहेर पडले होते. एवढ्या मोठ्या माणसाला सांभाळून घेणारी जागा न्यू जर्सीत सापडली नाही आणि पुण्यातही सापडली नाही, एवढं म्हणून पुढे जाऊ.

अमेरिकेतलं पेटंट यथावकाश संपलं. तोवर ‘आतल्या वाटे’च्या रीती विजेच्या ग्रिडपासून गुंतवणुकीच्या हिशेबांपर्यंत सगळीकडे रुजल्या होत्या, आणि सिम्प्लेक्सही त्यांच्या बरोबरीने टिकून होती. आज एडिनबरा विद्यापीठातून निघालेला ‘हायज’ हा प्रोग्राम दोन्ही रीतींसह फुकट मिळतो. सांगलीतल्या एखाद्या अभियांत्रिकीच्या मुलीने साध्या लॅपटॉपवर तो उतरवून घेतला, तर स्टिग्लरचा आहार तिला क्षणार्धात काढता येईल.

आता आपल्याकडे वळू. १९७० च्या भारतीय पेटंट कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने कलम ३ मध्ये ‘के’ हे पोटकलम आलं. गणिती पद्धत, व्यवसायाची पद्धत, निव्वळ संगणक प्रोग्राम आणि अल्गोरिदम यांना पेटंट नाही, असं ते स्पष्ट सांगतं. डिसेंबर २००४ मध्ये सरकारने वटहुकमाने ते सैल करायचा प्रयत्न केला. हार्डवेअरशी जोडलेल्या सॉफ्टवेअरला पेटंट देण्याची वाट त्यात होती. २००५ मध्ये संसदेने ती दुरुस्ती वगळली. पण जुलै २०२१ मध्ये वाणिज्यविषयक संसदीय स्थायी समितीने आपल्या १६१ व्या अहवालात पुन्हा सुचवलं, की कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळात या पोटकलमाचा फेरविचार व्हावा, आणि गणिती पद्धत एखाद्या मूर्त उपकरणाला किंवा व्यावहारिक उपयोगाला जोडलेली असेल तर तिला पेटंट देण्याचा मार्ग भारताने स्वीकारावा.

‘व्यावहारिक उपयोगाला जोडलेली’ हे शब्द ओळखीचे वाटतात ना? एटी अँड टीच्या वकिलांनी करमरकरांच्या सूत्राला चढवलेला अंगरखा हाच. कसबी वकील असेल तर जगातलं कुठलंही सूत्र कुठल्यातरी उपयोगाला जोडून दाखवता येतं, आणि मग उपयोगाच्या नावाखाली सूत्रच अडवून ठेवता येतं. खुद्द अमेरिकेत तीन दशकं ही चाल चालल्यावर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ॲलिस खटल्यात सांगावं लागलं, की अमूर्त कल्पनेला केवळ संगणक जोडल्याने पेटंटची पात्रता येत नाही.

पेटंटच्या बाजूचा युक्तिवाद टाकाऊ नाही. प्रयोगशाळेवर वर्षानुवर्षं पैसा ओतणाऱ्याला काहीतरी परतावा हवा, नाहीतर ओतेल कोण? औषधांच्या बाबतीत हे पटतं. अल्गोरिदमच्या बाबतीत कंपनीला परतावा मिळवायच्या इतर वाटा आहेत. तिच्या प्रोग्रामच्या मजकुरावर कॉपीराइट आहेच, सेवा विकता येते, आणि सगळ्यांआधी बाजारात उतरण्याचा फायदा मिळतो. असे प्रश्न सोडवणारे मोठे प्रोग्राम बनवणाऱ्या आजच्या कंपन्या अशाच चालतात. बेल लॅब्जला एटी अँड टीच्या टेलिफोन जाळ्यावर ही रीत वापरून जे वाचवता आलं असतं, ते कॉरबेक्स विकून मिळालेल्या पैशांहून कमी असेल असं मानणं कठीण आहे, आणि त्यासाठी कुठल्याही पेटंटची गरज नव्हती.

भारतात आज अल्गोरिदमवर काम करणारी मुलं आयआयटीत, चेन्नईच्या गणित संस्थांमध्ये, पुण्या-बंगळूरच्या छोट्या कंपन्यांत आहेत. पेटंटांचे ढीग रचायची ऐपत त्यांच्याकडे नाही. ती आहे मूठभर बड्या कंपन्यांकडे, आणि त्यांतल्या बहुतेकींची मुख्यालयं भारताबाहेर आहेत. कलम ३ सैल झालं तर कुंपणं त्यांची असतील आणि बाहेर उभी राहणारी मुलं आपली. पोटकलम ‘के’ कायद्यात अजून जसंच्या तसं आहे. त्याला हात लावण्याचा प्रस्ताव संसदेत येईल तेव्हा खासदारांनी कॉरबेक्सचा ताळेबंद मागवून घ्यावा, आणि प्रस्ताव फेटाळावा.